केसांचा ताळेबंद

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

आमच्या गावाकडच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला एक देवळी आहे. देवळी म्हटली की आत देव असावा, निदान चिमणी तरी. आमच्या देवळीत केस आहेत. आज्जीचे, आईचे, अक्काचे आणि माझे. विंचरताना फणीत आलेले केस बोटाभोवती गुंडाळायचे, त्यांचे एवढेसे गुंतवळ करायचे आणि ते देवळीत सारायचे, ही आज्जीची शिस्त. केस केरात गेलेला तिला चालत नाही. तो पायदळी येतो, भाकरीत येतो, आणि वैऱ्याच्या हाती पडला तर काय होते ते ती सांगत नाही, नुसते डोळे मोठे करते.

लहानपणी मला या देवळीची किळस यायची. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी ‘सिंकिंग फंड’ शिकवला. यंत्र झिजणार हे आधीच ओळखून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढायची आणि यंत्र मोडीत निघाले की त्या रकमेतून नवे घ्यायचे. सर फळ्यावर आकडे मांडत होते आणि मला आमची देवळी दिसत होती. आज्जी शाळेची पायरी चढलेली नाही. पण गळत्या केसांचा घसारा तिने साठ वर्षे बिनचूक बाजूला काढला आहे.

या गुंतवळांचे पुढे गंगावन होत असे. हा शब्द आता मराठी विभागातल्याही पुष्कळ मैत्रिणींना ठाऊक नसेल, आणि कन्नड विभागातल्या मैत्रिणी तर त्याला ‘चौरी’ म्हणतात, म्हणून सांगते. गळालेले केस धुऊन, सोडवून, विंचरून एका टोकाला दोऱ्याने घट्ट बांधलेला झुपका म्हणजे गंगावन. तो आपल्या केसांत मिसळून वेणी घातली की बोटाएवढी वेणी मनगटाएवढी होते. अंबाड्यात घातला की लिंबाचा नारळ होतो. आज्जीच्या तरुणपणी असे गंगावन बांधून देणाऱ्या बायका जत्रेत बसायच्या म्हणे. आपले गुंतवळ आपण न्यायचे आणि त्या बांधून देईपर्यंत समोरून उठायचे नाही, कारण दुसऱ्याचे केस डोक्यात घालू नयेत. घरातले चालतात. आईचे मुलीला, आज्जीचे नातीला. जणू दागिनाच.

आमच्या घराण्यात हा दागिना हौसेचा नाही, गरजेचा आहे. आईचे, अक्काचे आणि माझे केस जन्मापासूनच बारीक, सरळ आणि सपाट. गाईने वासराला चाटावे तसे डोक्याला चिकटलेले. आज्जीचा अंबाडा तेवढा भरघोस, आणि तो सगळा तिचा स्वतःचा आहे असे मी दहा वर्षांची होईपर्यंत समजत होते. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतले पन्नास ते शंभर रोज गळतात, हे मी पुढे वाचले. आमचेही मोजले तर लाखाच्या आसपास भरतील. पण एकेक केस इतका बारीक, की लाखाची रक्कम खात्यावर असून खिशात खुळखुळत नाही.

कलबुर्गीला कॉलेजात आल्यावर एका मैत्रिणीने माझ्या डोक्याला ‘शहाबादी’ असे नाव ठेवले. शहाबाद इथून हाकेच्या अंतरावर. तिथली फरशी महाराष्ट्रात घरोघरी बसली आहे आणि सपाटपणात तिचा हात कोणी धरत नाही. मला राग आला नाही, कारण त्या विनोदात खरेच तथ्य निघाले. शहाबाद, वाडी, सेडम या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडक आहे. तिथले सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच उभे राहिले. खडकातला तोच चुना बोअरच्या पाण्यात उतरतो. साबण लावला की फेसाऐवजी पांढरा चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. आमच्यासारखा बारीक केस त्या ओझ्याने आणखीच निजतो. पाणी उकळून निवू दिले तर बराच चुना तळाशी बसतो, आणि रिठा-शिकेकाईने असा साका धरत नाही, हे मला बी. एस्सी.च्या एका मैत्रिणीने समजावून सांगितले. मी मोठ्या ऐटीत ते ज्ञान आज्जीला ऐकवले. ती म्हणाली, "मग आमी बंबातल्या पाण्यानं शिककाईच लावत होतो की! तुमीच सोडलाव."

गेल्या भाद्रपदापर्यंत हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते. भाद्रपदात अक्काला विषमज्वर झाला.

तीन आठवडे ताप हटला नाही. दसऱ्याला ती उठून बसली, पेजेवरून भातावर आली, दिवाळीत तिने रांगोळीसुद्धा काढली आणि आम्ही सुटलो म्हणालो. त्यानंतर केस गेले. फणी फिरवली की मूठभर. उशीवर, पाटावर, ताकाच्या भांड्यात. महिन्याला भरायची ती देवळी आठवड्यात भरू लागली. आज्जी गुंतवळे सारताना बोटे मोडायची, कुणाची दृष्ट लागली म्हणून. शेजारच्या अव्वा कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "एन हुडगी, कूदला एष्ट तेळ्ळग आग्याव!" काय गं पोरी, केस किती पातळ झाले! अव्वांच्या बोलण्यात माया होती. पण त्यांचा आवाज चार घरांपलीकडे जातो.

डॉक्टरांनी मात्र काळजीचे कारण नाही असे सांगितले. मोठ्या तापाच्या धक्क्याने पुष्कळसे केस एकदम वाढायचे थांबतात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळून पडतात. मुळे जिवंत असतात. खाणेपिणे नीट ठेवा, सहा महिने, फार तर वर्ष थांबा, केस पुन्हा येतील. येताना मी बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. केस महिन्याला एक सेंटिमीटरहून थोडा अधिक वाढतो. म्हणजे अक्काची वेणी पूर्वीसारखी कमरेला लागायला पाच वर्षे. डॉक्टरांचे सगळे खरे होते. त्यांना लग्नसराई तेवढी ठाऊक नव्हती.

कारण मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस आली. आपल्याकडे बिदर-कलबुर्गीला आणि पलीकडे लातूर-उदगीरला ज्वारीच्या रानात कोपीखाली पंगती बसतात, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या शेतात त्या दिवशी उदगीरकडचे कुणी पाहुण्यांचे पाहुणे आले होते. आंबिलीचा तांब्या घेऊन अक्का पंगतीतून फिरली, डोक्यावर पदर होता. आठ दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत पडण्यासारखी आहे, पौष सरला की रीतसर बघायला येतो.

उदगीरचे स्थळ म्हटल्यावर आज्जीला कोण आनंद! तिच्या माहेरची माणसे तिकडची. १९५६ सालापर्यंत उदगीर आमच्याच बिदर जिल्ह्यात होते. त्या वर्षी जिल्ह्याचे तीन तुकडे झाले: मराठी भाग एकीकडे गेला, तेलुगू दुसरीकडे, आणि आम्ही मराठी बोलत बोलत कन्नडकडे राहिलो. आज्जी म्हणते, तीन पेडांची वेणी होती, सोडली. तेव्हापासून तिकडचे लोक आमच्या मुली बघायला येतात ते जरा बारकाईने. बोलण्यात कन्नड हेल येतो का, आणि असे बरेच काही.

महिना हातात होता. त्या महिन्यात आमचे घर म्हणजे प्रयोगशाळा झाली. मी दर शनिवारी गावी जायची आणि नवा प्रयोग घेऊन जायची.

पहिला प्रयोग आईचा. सुती पातळाला खळ दिली की ते अंगावर ताठ उभे राहते, तर केसांना का देऊ नये? भाताची पातळ पेज गाळून तिने अक्काच्या केसांना चोळली. वाळल्यावर केस उभे राहिले यात शंका नाही. पण हात लावला की खराट्यासारखे वाजायचे, आणि दुपारी मुंग्या आल्या.

दुसरा माझा. उलट्या बाजूने फणी मारून केस फुगवायचे. आत्याच्या लग्नातल्या फोटोत तिच्या डोक्यावर असा एक भला थोरला फुगा आहे. ‘आराधना’ (१९६९) मधल्या शर्मिला टागोरचा पाहून गावोगावच्या मुलींनी तो उचलला होता. यामागची युक्ती मला फार आवडली. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, सगळे मुळाकडून टोकाकडे निजलेले. फणी उलटी नेली की खवल्यात खवला अडकतो, केस एकमेकांना धरून राहतात आणि पोकळीवर उभे ठाकतात. पण सोडवताना ते खवले उचकटतात, केस तुटतो. अक्काच्या डोक्यावर तुटायला आता फारसे उरले नव्हते. दोनदा करून मी फणी खाली ठेवली.

तेल मात्र मी बंद करवले. त्यावरून घरात दोन दिवस भांडण झाले, कारण केस गळतात म्हणून आज्जी उलट जास्तच तेल थापत होती. तेलाने केसाला केस चिकटतो आणि असलेले निम्मे दिसतात. भांग बदलला, वर्षानुवर्षे एका बाजूला निजलेले केस दुसऱ्या बाजूला टाकले की काही दिवस तरी अवघडून उभे राहतात.

अव्वांनीही उपाय सुचवला. "हू साक, चौरी याक?" फूल पुरे, चौरी कशाला? त्यांच्याकडे नवरीला ‘मोग्गिन जडे’ घालतात. मोगऱ्याच्या कळ्या पट्टीवर ओळीने शिवायच्या आणि ती पट्टी वेणीवर डोक्यापासून टोकापर्यंत बांधायची. आतली वेणी कितीही बारीक असो, बाहेर पांढरीशुभ्र कळ्यांची वेणी. मला हे फार देखणे वाटले. पण पौष-माघात मोगरा कुठून आणणार, आणि बघायला येणाऱ्यांपुढे असे नटून बसले तर मुलगी उतावीळ दिसते, असे आईचे म्हणणे.

अव्वांच्या घरात अक्कमहादेवीचे चित्र आहे. सर्वांगावरून केस ओघळलेले, तेच वस्त्र. बसवकल्याणला तिची गुहा दाखवतात, तिथे मी जाऊन आले आहे. त्या चित्राकडे बघत आज्जी एकदा म्हणाली, "तिचं बरं होतं. तिला कुटं कोण बघायला येणार होतं?" अव्वा मराठीत म्हणाल्या, "राजा आला होता की हो बगायला. तिनंच त्याला सोडलं." आज्जी यावर काही बोलली नाही. आमची अक्का मात्र निवडायचे तांदूळ हातात तसेच धरून ऐकत राहिली.

आज्जीचा प्रयोग सर्वांत शेवटी आला आणि तोच लागू पडला. शिकेकाईने केस धुऊन झाल्यावर तिने अक्काला बाजेवर उताणे निजवले, केस बाजेखाली सोडले, खाली विस्तवावर चिमूटभर धूप टाकून त्यावर विणलेली टोपली पालथी घातली आणि केस त्या टोपलीवर पसरले. टोपलीच्या भोकांतून ऊब आणि वास वर येत होता. आज्जी बोटांनी मुळापासून केस उचलत होती. केस वाळेपर्यंत अक्काने मान हलवायची नाही. उठून बसली तेव्हा डोक्याभोवती बोटभर उंचीची हवा होती. माझ्या बी. एस्सी.च्या मैत्रिणीने नंतर कारण सांगितले: केस भिजला की त्याच्या आतले काही बंध सुटतात आणि वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. डोक्याला चिकटून वाळला तर सपाट, डोक्यापासून दूर वाळला तर उभा. हवेत दमटपणा आला की पुन्हा पहिल्यासारखा. शहरात लोक हेच गरम हवेच्या यंत्राने करतात. आमच्याकडे टोपली होती.

पण टोपलीने डोके उभे राहिले, वेणी कुठून आणणार? वेणीसाठी आईच्या पेटीतले गंगावन निघाले. आईच्या बाळंतपणांच्या आधीच्या केसांचे, हातभर लांब, काळेभोर.

अक्का म्हणाली, "हे फसवणं नाही का गं?"

मी तिला ‘विंडो ड्रेसिंग’ समजावून सांगितले. वर्षअखेरीला कंपन्या आपला ताळेबंद जरा सजवतात. रोकड अधिक दिसेल, देणे कमी दिसेल, अशी मांडणी करतात. सगळे आकडे खोटे असतात असे नाही; दिवस निवडून मांडलेले असतात. अक्का हसली. मग म्हणाली, "आणि ऑडिटर आला तर?"

मागच्या वर्षी कॉलेजच्या सहलीत हुमनाबादजवळच्या जलसंगीला गेलो होतो, ते मला त्या रात्री आठवले. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले देऊळ. बाहेरच्या भिंतीवर दगडी मदनिका आहेत. एकीच्या हातात लेखणी आहे आणि ती सहाव्या विक्रमादित्याची (१०७६–११२६) स्तुती कोरते आहे. आमचे सर लेख समजावत होते आणि मी मदनिकांचे अंबाडे बघत होते. काय ते भरघोस! नऊशे वर्षांच्या उन्हापावसात एक केस ढळलेला नाही. तेव्हा नुसता हेवा वाटला होता. आता वाटले, आत चौरी असेल. शिल्पकाराने नुसता दगड थोडा जास्त ठेवला असेल. त्याला कोणी जाब विचारला नाही.

ऑडिटर आला. मुलाची मावशी.

पोहे झाले, चहा झाला, मुलाने दोन प्रश्न विचारले आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. मावशींनी अक्काला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला. आधी वाटले, प्रेमाने. मग तो हात वेणीखाली गेला आणि भाजीवाल्याकडची काकडी जोखावी तशी त्यांनी वेणी तळव्यावर जोखली. "लांब आहेत केस. तापात गेले असं कोण म्हणत होतं मग?" कुणीतरी सांगितले होतेच. चार घरांपलीकडे आवाज जातो तो असा.

आई पाण्याचा तांब्या उचलून उगाच पुन्हा ठेवू लागली. आज्जी म्हणाली, "आमच्या घरचे केसच तसे." आणि अक्का अगदी साधेपणाने म्हणाली, "मावशी, वरचे माझे आहेत. खालचे आईचे."

कुणी काही बोलले नाही. मावशींनी हात काढून घेतला. मुलाने खिडकीतून नजर आत आणली आणि अक्काकडे पाहिले, त्या दिवसात पहिल्यांदाच नीट. मला वाटले, हा आता काहीतरी बोलेल. तो बोलला नाही.

पाहुणे गेल्यावर आज्जीने अक्काला फैलावर घेतले. तोंड गप ठेवायला काय झाले होते, गंगावन कुणी घातले नाही का आजवर, मी घातले नाही का? आप्पा काहीच बोलले नाहीत. पाहुण्यांसाठी आणलेल्या पेढ्यांचा पुडा उघडून त्यांनी एक पेढा अक्काच्या हातावर ठेवला आणि ते रानात गेले. तीन आठवड्यांनी निरोप आला, पत्रिका जमत नाही. येळवसेला पत्रिका जमली होती.

होळीच्या आधी मी गावी गेले तर दार अक्काने उघडले, आणि मला आधी ती ओळखूच आली नाही. भालकीला जाऊन तिने केस खांद्यापर्यंत कापून घेतले होते, वरचे आखूड, खालचे थोडे लांब. आणि वाचकहो, खरे सांगते, ते केस उभे होते! पेज नाही, टोपली नाही, गंगावन नाही. मान हलवली की हलत होते. लांब केसाला त्याचेच वजन खाली ओढते. वजन काढले की आमच्यासारखा बारीक केससुद्धा मुळापाशी मान वर करतो. महिनाभर आम्ही भर घालत होतो आणि उपाय वजाबाकीत होता. कानामागे तापानंतरची बोटभर नवी लव उगवली होती. लांब केसांखाली ती दबून गेली असती.

अक्का तेवीस वर्षांत मला इतकी छान कधीच दिसली नव्हती. पण घरात मोठ्याने बोलायची सोय नव्हती. आज्जीने तीन दिवसांपासून अक्काशी बोलणे टाकले होते.

मला आधी तो हेकटपणा वाटला. रात्री आईने सांगितले. आज्जीच्या लहानपणी त्यांच्या वाड्यात शेजारी एक म्हातारी होती, लाल आलवण नेसणारी. दर थोड्या दिवसांनी मागच्या दाराने न्हावी यायचा आणि ती ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. आज्जीने ते पाहिले होते. नवरा गेलेल्या बाईचे केशवपन करायचे नाही, असे १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवून ठरवले होते. आम्हांला ते पाठ्यपुस्तकात होते. पण मुंबईची सभा आणि आमच्याकडचे मागचे दार यांच्यात पुष्कळ अंतर पडले असणार. आज्जीच्या लेखी बाईच्या केसांना हत्यार लागणे म्हणजे एकच गोष्ट. साठ वर्षे ती देवळीत नुसता घसारा साठवत नव्हती.

कापलेली वेणी अक्काने वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली होती. दुसऱ्या दिवशी गल्लीत मोटारसायकल आली, कर्ण्यावर ओरडत: केसं द्या, भांडी घ्या. पूर्वी हे लोक डोक्यावर पाटी घेऊन यायचे. माझे कॉमर्सचे डोके जागे झाले. या धंद्याबद्दल मी वाचले होते. कोप्पळजवळच्या भाग्यनगरात केस निवडण्याचे, धुण्याचे, जुळवण्याचे काम चालते, आणि अशी गोळा केलेली गुंतवळे तिथे जातात. तिरुपतीला भाविक केस अर्पण करतात, त्यांचा देवस्थान लिलाव करते. आणि २०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. म्हणजे दिल्लीपर्यंत दखल घ्यावी इतकी या मालाची किंमत! गुंतवळात केसांची मुळे आणि टोके उलटसुलट झालेली असतात, खवले एकमेकांत अडकतात, म्हणून त्याला भाव कमी. एकदम कापलेल्या वेणीत सगळी मुळे एकीकडे, म्हणून तिला भाव जास्त. हे सगळे मी दारात उभी राहून त्या माणसाला ऐकवले आणि त्याने निमूटपणे वेणीचा दर वाढवला. पैसे किंवा मोठा स्टीलचा डबा, काय ते बोला.

आतून आज्जी आली. तिने माझ्या हातातून वर्तमानपत्राची गुंडाळी घेतली आणि त्या माणसाला म्हणाली, "जा बाबा. विकायचं नाही."

दुपारभर ती ओसरीवर ती वेणी घेऊन बसली होती. उकलली, धुतली, उन्हात वाळवली, फणीने विंचरली, दातात दोरा धरून एका टोकाला बांधली. जत्रेतल्या बायकांकडून बघून बघून तिला येत असणार. आम्ही कुणी जवळ गेलो नाही.

दिवेलागणीला तिने आपला अंबाडा सोडला. आतून तिचे जुने गंगावन निघाले, विटून तांबूस झालेले. ते काढल्यावर पाठीवर उरले ते तिचे खरे केस: पांढरे, विरळ, माझ्या करंगळीएवढे. मी ते आजवर असे पाहिले नव्हते. ती सरकत सरकत अक्कापुढे जाऊन पाठमोरी बसली आणि नवे गंगावन खांद्यावरून मागे दिले.

"घाल."

अक्काने फणी घेतली. पांढऱ्या केसांत तिचेच काळे केस मिसळेनात, कसेही केले तरी दिसत होते. मग तिने काळे आत घातले, वरून पांढरे फिरवले, पीळ देऊन अंबाडा बांधला आणि आकडा लावला. आज्जीने हात मागे नेऊन तो सगळीकडून चाचपला.

"थोडा वर घे," ती म्हणाली.